नरक्याला कुणी ओळखलं?

मामाच्या गावाचं नाव मी या लेखात कुठेच लिहिलेलं नाही. का, ते ओघात येईलच. इतकंच सांगते की गाव सह्याद्रीच्या माथ्याजवळ आहे, पावसाचे चार महिने ते ढगातच असतं आणि एसटी दिवसातून दोनदा येते.

२०१४ च्या पावसाळ्यात मी तिथे पंधरा दिवस राहिले होते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. अंगात नवा नवा उत्साह होता. दिसेल त्या झाडापुढे थांबायचं, पान उलटं करून बघायचं, वहीत लिहायचं. मामा पुढे चालायचा. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात कोयता. दर दहा पावलांवर थांबावं लागतं म्हणून तो वैतागायचा, पण विचारलं की नाव सांगायचा. अंजनी. पिसा. हिरडा. गेळा. कुंभा. एकाही नावासाठी त्याला आठवत बसावं लागत नसे.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे दगडांवर नेचे माजलेले असतात, तिथे आलो आणि एकदम घाण वास आला.

"मामा, इथे काहीतरी मेलंय."

"मेलं न्हाई काय," मामा हसत म्हणाला. "नरक्या फुललाय. घरात फांदी आणशील तर मामी तुला फांदीसकट भाईर काढंल."

तीन झाडं होती, माझ्या दुप्पट-तिप्पट उंचीची. पानं मोठी, लांब देठाची, फांदीच्या टोकाला गर्दी करून आलेली. जुनी पानं गळून गेली तिथे फांदीवर ठसठशीत वण उमटलेले. आणि टोकाला फिकट पिवळसर, बारीक फुलांचे गुच्छ. दिसायला साधे, नाजूक. वासाचा धनी हाच आहे यावर विश्वास बसू नये असे. माश्या मात्र खुशीत होत्या.

मी फोटो काढले, एक फांदी पिशवीत घातली आणि मामीच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने गोठ्यात लपवली.

*

झाड ओळखण्याचं आमच्या शास्त्रातलं साधन म्हणजे 'की', म्हणजे किल्ली. जाड पुस्तकात छापलेली असते. प्रत्येक पायरीवर दोन विधानं. पानं समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या सुट्या की जोडलेल्या? पुंकेसर किती? तुमच्या हातातल्या फांदीला जे लागू पडेल त्या वाटेने पुढे जायचं. वीस-पंचवीस फाटे पार केले की एक नाव उरतं. एका फाट्यावर चुकलात तर भलत्याच कुळात जाऊन पडता आणि तिथेही काही ना काही जुळल्यासारखं वाटतच असतं. हीच तिची खरी गंमत आणि खरा धोका.

आपल्या भागासाठीचं असं जुनं मोठं पुस्तक थिओडोर कुक यांचं आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, ते प्राचार्य होते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. आजही सह्याद्रीतलं झाड अडलं की माणसं कुककडे वळतात. मी त्याची छायाप्रत आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढलेला महाराष्ट्राचा फ्लोरा, अशा दोन्ही गोष्टी लॅपटॉपवर घेऊन गेले होते. गोठ्यातल्या बल्बखाली, दोन रात्री, भिंगाखाली फूल धरून मी ती किल्ली फिरवली. पाकळ्या पाच, सुट्या, आतून केसाळ. पुंकेसर पाच. पानं एकाआड एक. फळ एकबियांचं.

दुसऱ्या रात्री नाव सापडलं. नोथापोडायटीस निम्मोनियाना.

जे नाव मामाने वास येताक्षणी सांगितलं होतं, तिथे पोचायला मला दोन रात्री लागल्या. तरी आनंद असा झाला की जणू मीच ते झाड शोधून काढलं. पुण्याला परतल्यावर वनस्पतीप्रेमींच्या एका ऑनलाइन गटात मी सगळे फोटो टाकले. नाव टाकलं, गाव टाकलं. खाली कौतुकाच्या प्रतिक्रिया आल्या. एकाने अगदी नम्रपणे विचारलं, अभ्यासासाठी हवं आहे, नेमकी जागा कुठली? मी सांगितली. ओढा, वरचं अंग, नेच्यांचे दगड, सगळं.

पुढच्या मे महिन्यात गेले तेव्हा तिथे तीन बुंधे होते. जमिनीलगत कापलेले. मुळंही एका बाजूने उकरलेली.

माझ्या फोटोमुळेच झालं का? ते मला आजवर कळलेलं नाही. तोडणाऱ्यांना आमचं जंगल आधीपासून माहीत असेल, माझ्याशिवायही ते आले असते, असं म्हणायला जागा आहे. मी ते स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. मामा मला काहीच बोलला नाही. संध्याकाळी अंगणात बसलो असताना फक्त म्हणाला, "तुझं शास्त्र चांगलं हाय गं पोरी. पर त्याला तोंड लई."

त्यानंतर मी या झाडाचा इतिहास शोधू लागले. एका दुर्गंधी, जळणालाही कुणी नेत नाही अशा झाडाला कुणी आणि का कापावं, हा पहिला प्रश्न होता. पण हळूहळू दुसराच प्रश्न मोठा झाला. या झाडाला नेमकं ओळखलं तरी कुणी?

*

गोष्ट १८३९ सालची. मुंबईत जॉन ग्रॅहम नावाचा एक ब्रिटिश अधिकारी होता. काम टपाल खात्यात, डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. नाद झाडांचा. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याने एक यादी तयार केली. आजच्या मापाने ती साधीच वाटेल: नाव, कुठे सापडतं, एखादी ओळ वर्णन. पण आपल्या भागातल्या झाडांची अशी छापील यादी तोवर नव्हतीच.

ग्रॅहमचा एक मित्र होता, जोसेफ निम्मो. त्यालाही झाडांचं वेड. घाटातल्या एका झाडाला ग्रॅहमने मित्राचं नाव दिलं: प्रेम्ना निम्मोनियाना. तेच आपलं नरक्या. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, यादी अजून पुरी छापून व्हायची होती, तेव्हा ग्रॅहम खंडाळ्याला वारला. उरलेलं पुस्तक निम्मोने पूर्ण केलं. म्हणजे ज्या पुस्तकात मित्राने आपलं नाव एका झाडाला दिलं, ते मित्राच्या मागे छापून पूर्ण करण्याचं काम त्याच्याच वाट्याला आलं. या इतिहासात मला सगळ्यात माणसासारखी वाटलेली जागा हीच.

पण ग्रॅहमची किल्ली चुकली होती. झाडाला त्याने 'प्रेम्ना' या प्रजातीत घातलं. प्रेम्ना म्हणजे सागाच्या नात्यातली मंडळी. त्यांची पानं समोरासमोर येतात, पाकळ्या खाली जोडलेल्या असतात, पुंकेसर चार. नरक्याचं यातलं काहीच जुळत नाही. चूक का झाली ते सांगायला ग्रॅहम नाही. पण नरक्याची पानं टोकाला इतकी दाटीने येतात की घाईत ती समोरासमोर भासतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. प्रेम्नाच्या काही जातींनाही उग्र वास असतो. पहिल्याच फाट्यावर पाय घसरायला इतकं पुरे.

मग पुढची शंभर-दीडशे वर्षं हे झाड नावं बदलत फिरलं. मद्रासकडे काम करणाऱ्या रॉबर्ट वाइट या डॉक्टर-वनस्पतीतज्ज्ञाने दक्षिणेकडच्या याच झाडाचं स्वतंत्र वर्णन केलं आणि त्याला 'फीटिडस' म्हटलं, म्हणजे दुर्गंधी. लॅटिन जाणणाऱ्या डॉक्टरचं आणि माझ्या मामाचं नाक एकाच ठिकाणी पोचलं. त्यानंतर ते मॅपिया फीटिडा झालं. १९४० मध्ये स्लॉइमर या जर्मन शास्त्रज्ञाने ते नोथापोडायटीस प्रजातीत नेलं. 'नोथोस' म्हणजे ग्रीकमध्ये खोटा. अपोडायटीस नावाच्या दुसऱ्या झाडासारखा दिसणारा पण तो नसलेला, असा त्या नावाचा अर्थ. म्हणजे बिचाऱ्याचं नाव काय, तर 'खोटा अमुक, घाणेरडा'.

वनस्पतींच्या नावांचा एक कडक नियम आहे: ज्याने आधी नाव दिलं त्याचं विशेषण टिकतं. कुळ चुकलेलं असलं तरी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्हिड मॅबर्ली या इंग्रज अभ्यासकाने ग्रॅहमची जुनी नोंद पुढे आणली आणि निम्मोला त्याचं झाड परत मिळालं. नोथापोडायटीस निम्मोनियाना. दुर्गंधी हे विशेषण गेलं, मित्राचं नाव राहिलं.

*

इथवर वाचताना तुम्हाला एक गोष्ट खटकली असेल. खंडाळ्यातलं, महाबळेश्वरातलं, आंबोलीतलं झाड. आणि त्याची ओळख पटवणारे सगळे ग्रॅहम, निम्मो, वाइट, स्लॉइमर. या साहेबांना झाडापर्यंत नेणारं कुणी नव्हतं का? पुढे कोयता घेऊन चालणारा कुणाचा तरी मामा?

होता, असणारच. तो सहसा पुस्तकात येत नाही.

एक ठळक अपवाद आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा सेनापती हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तिथल्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला, 'हॉर्टस मलाबारिकस'. बारा खंड, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेले, सातशेहून जास्त वनस्पती, पानभर चित्रं. त्याच्या पहिल्या खंडात, ग्रंथातली माहिती कुणी दिली याची प्रमाणपत्रं छापलेली आहेत. एक आहे इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचं. ते एळवा समाजाचे होते, पिढीजात वैद्य. दुसरं आहे तिघांचं मिळून: रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट. हे कोकणी ब्राह्मण. गोव्याकडून कोचीनला गेलेल्या समाजातले. त्यांचं प्रमाणपत्र कोकणी भाषेत आहे आणि लिपी आहे नागरी. तारीख १६७५ ची. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा लिहिलेला आपल्या लिपीतला तो मजकूर पुढे ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात ताम्रपटावर कोरला गेला. युरोपात छापलेल्या नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

लिनिअसने १७५३ मध्ये आजची दोन शब्दी नावांची पद्धत रूढ केली, तेव्हा भारतातल्या कित्येक झाडांसाठी त्याच्यासमोर 'हॉर्टस'मधली चित्रं होती. झाड त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या पठारांवर पावसात फुलणारी कंदीलपुष्पं तुम्ही ट्रेकमध्ये पाहिली असतील, निदान रीलमध्ये तरी. त्यांची प्रजाती 'सेरोपेजिया' लिनिअसने उभी केली ती याच ग्रंथातल्या एका चित्रावरून.

नीट कान दिला तर लॅटिन नावांतही आपली माणसं बोलताना ऐकू येतात. आवळा म्हणजे फायलँथस एम्ब्लिका. यातलं एम्ब्लिका हे अरबी 'अम्लज'वरून आलं आणि अम्लज आलं संस्कृत 'आमलक'वरून. बेहड्याच्या टर्मिनालिया बेलिरिका या नावातलं बेलिरिका असंच अरबी 'बलिलज'मधून, मूळ 'बिभीतक'. सागाचं टेक्टोना हे नाव मलयाळम 'तेक्क'वरून. शास्त्राने नाव दिलं असं आपण म्हणतो. पुष्कळदा शास्त्राने ते फक्त ऐकलं आणि शेपूट जोडलं.

आणि मग दापोडी. पुण्याच्या लोकलने जाताना लागतं ते स्टेशन. एकोणिसाव्या शतकात तिथे मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर तिचे अधीक्षक होते. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि १८६१ मध्ये डॅलझेल यांच्यासोबत त्यांनी 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. दापोडीत असताना गिब्सननी एका चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. ती आता एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांनी त्यांच्यावर केलेलं पुस्तक २००२ मध्ये निघालं. रंग अजून ताजे आहेत, पानाच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं. नाव नोंदवलेलंच नाही.

ज्याने प्रत्येक पाकळी मोजून काढली त्याचं नाव नाही, आणि ज्याच्या नावाने नरक्या ओळखला जातो त्या निम्मोचं चित्र माझ्या तरी डोळ्यांपुढे उभं राहत नाही. नावांचा हिशेब असा विचित्र असतो.

*

आता पहिला प्रश्न. कापलं का?

त्यासाठी नंदुरबारला जावं लागेल, आणि तिथून अमेरिकेला.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी, मग इंडियाना विद्यापीठात पीएचडी. १९६२ च्या सुमारास ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. अमेरिकेत तेव्हा हजारो वनस्पतींचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर तपासून पाहण्याचा मोठा कार्यक्रम चालू होता. त्यात एका चिनी झाडाचा अर्क उठून दिसला. कॅम्पटोथेका ॲक्युमिनाटा. चिनी भाषेत त्याचं नाव 'शी शू'. अर्थ, आनंदाचं झाड.

वॉल आणि वाणी यांनी त्यातून एक द्रव्य वेगळं केलं आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. कॅम्पटोथेसिन. (याच जोडीने पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही उलगडली. कॅन्सर वॉर्डात ज्यांच्या घरचं कुणी गेलं आहे त्यांना हे नाव सांगावं लागणार नाही.)

ते कसं काम करतं? आपल्या पेशीतला डीएनए पिळलेल्या दोरीसारखा असतो. पेशी दुभंगताना ती दोरी उकलावी लागते आणि उकलताना पुढे पीळ साठत जातो. तो सैल करायला एक विकर दोरीचा एक पदर कापतं, पीळ सोडतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्पटोथेसिन नेमकं कापल्यानंतर आणि सांधण्याआधी त्या विकराला तिथेच अडकवून ठेवतं. वेगाने दुभंगणाऱ्या कॅन्सरच्या पेशी त्यात मरतात. ही यंत्रणा १९८५ मध्ये उलगडली. सुरुवातीच्या चाचण्यांत मूळ द्रव्य रुग्णांना फार त्रासदायक ठरलं होतं. त्यात बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं बनवली गेली. १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ती आज जगभर वापरली जातात.

आणि या सगळ्याच्या अधेमधे, १९७२ साली, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी जाहीर केलं की हेच द्रव्य एका भारतीय झाडातही आहे. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे संचालक होते. त्यांनी झाडाचं नाव लिहिलं मॅपिया फीटिडा. त्या काळी ते तसंच ओळखलं जाई. चीनच्या आनंदवृक्षातलं औषध सह्याद्रीच्या नरक्यात निघालं. ही दोन झाडं एकमेकांची नातेवाईकही नाहीत.

औषध झाडात फार थोडं असतं. वाळलेल्या लाकडात शेकडा एक भागसुद्धा नाही. त्यामुळे थोड्या औषधासाठी ढीगभर लाकूड लागतं. पान किंवा फळ तोडून भागत नाही, खोड आणि मूळच हवं. औषधांना मान्यता मिळाली, मागणी वाढली आणि ज्या झाडाकडे नाक दाबून बघायचे त्याची खोडं रात्री टेम्पोत भरली जाऊ लागली. तुकडे करून वाळवलेलं लाकूड परदेशी जाऊ लागलं. तोडणाऱ्याला किलोमागे मिळायचे ते किरकोळ पैसे. पुढची किंमत त्याच्या कानावरही यायची नाही.

मला इथे कुणालाच सरळ शिवी देता येत नाही, ही अडचण आहे. त्या औषधाने वाचलेली माणसं खरी आहेत. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना इरिनोटेकॅन चालू होतं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले होते. बाटलीवरचं नाव वाचलं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाचा वास आठवला. त्यांना मी काही सांगितलं नाही. त्या म्हणत होत्या की आता पहिल्यापेक्षा जरा बरं वाटतंय.

*

मग नरक्याला ओळखलं कुणी? ग्रॅहमने चुकीचं ओळखलं, पण त्याची नोंद टिकली. वाइटने वासावरून ओळखलं. गोविंदाचारींनी आतलं द्रव्य ओळखलं. मी किल्लीने ओळखलं आणि जगाला सांगितलं. तोडणाऱ्यांनी माझ्यापेक्षा लवकर ओळखलं असेल.

मामाने विचारलं होतं, "ह्याचा उपयोग काय ते तुमच्या पुस्तकात हाय का?" मी म्हटलं, आहे, कॅन्सरवर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याच्या आजाला ही झाडं माहीत होती, पण कुणी कापायचं नाही. जळायला चांगलं नाही, गुरं तोंड लावत नाहीत. निरुपयोगी म्हणून ती शंभर वर्षं सुखात होती.

कोकणात काही ठिकाणी याच झाडाला 'अमृता' म्हणतात. मला ते ऐकून हसू आलं होतं, नरक आणि अमृत एकाच खोडात. पण यातही एक खाच आहे. गुळवेलीलाही अमृता म्हणतात. नुसतं गावठी नाव घेऊन एखादा गुळवेल समजून नरक्या उकळायला घेईल तर ती चूक ग्रॅहमसारखी पुस्तकातच राहणार नाही. म्हणून तर एकच पक्कं नाव लागतं. फोटोवरून झाड सांगणारी ॲप्स आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, मीही वापरते. पण त्यांना वास येत नाही, फांदी उलटी करून बघता येत नाही आणि फूल नसलेल्या दिवसांत ती आत्मविश्वासाने काहीही सांगतात. खायचं, उकळायचं, लावायचं असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. पान एकाआड एक आहे की समोरासमोर, हे आधी स्वतः बघा. सुरुवातीला एवढं आलं तरी अर्धं जंगल दोन भागांत वाटलं जातं.

आणि दुर्मीळ झाड सापडलं तर फोटोवरून जागा काढून टाका. नाव खुशाल सांगा. पत्ता सांगू नका.

गेल्या पावसाळ्यात मामाकडे गेले होते. तो आता सत्तरीला आला आहे. ओढ्यापर्यंत चालतो, वरच्या अंगाला चढत नाही. मी एकटीच गेले. नरक्या खोडातून पुन्हा फुटतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. तीनपैकी दोन बुंध्यांना फुटवे आले होते. एकाला चार, एकाला सहा, माझ्या खांद्याइतके. तिसरा कुजून गेला होता आणि त्यावर नेचे उगवले होते. फुलायचं वय अजून व्हायचं होतं, वास नव्हता. लांब देठ, टोकाला पानांची दाटी, गळलेल्या पानांचे वण.

सवयीने फोन काढला आणि ॲप धरलं. त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाचं नाव दाखवलं, खाली प्रश्न होता, हे बरोबर आहे का?

मी 'हो' दाबलं आणि खाली उतरले.